तिसऱ्या प्रकरणातली आजी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

कादंबरीचे कागद मंगळवारी मिळाले. दोन रात्रींत वाचून काढले आणि काल परत पहिल्यापासून वाचले. तुझी ती पंधरा वर्षांची पोर मला फार आवडली. सेलूच्या स्टँडवर तानपुऱ्याची खोळ छातीशी धरून उभी राहते, कंडक्टर खोळ टपावर टाका म्हणतो आणि ती हलत नाही, ते पान वाचून माझ्या पोटात कालवलं. गाण्याच्या मध्यमा परीक्षेची रात्र, बापलेकीचं भांडण, संभाजीनगरची ती खोली, सगळं खरं उतरलंय. आठवी-नववीची लेकरं हे वाचतील. मी तीस वर्षं तीच लेकरं शिकवलीत, मला कळतं ते.

पण तिसऱ्या प्रकरणातल्या आजीबद्दल मला बोलायचंय. फोनवर जमलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

तुझी आजी सुनेचा गाण्याचा क्लास बंद करते. "बाईच्या जातीला गाणं शोभत नाही" म्हणते. सगळ्या घराचं गाणं तिच्यामुळे मुकं होतं, आणि शेवटी नात स्पर्धेत पहिली आली की पदर डोळ्याला लावते. हे तू कुठून घेतलंस ते मला ठाऊक आहे. लहानपणापासून तू ऐकत आलीस की आईचा क्लास आजीनं बंद पाडला. तुझ्या मावश्या सांगायच्या. तुझे बाबाही तसंच समजत आले. आणि मी कधी कुणाला खोडून काढलं नाही.

ते खोटं आहे, बाळा. आजीनं माझा क्लास बंद केला नाही.

1992 ची गोष्ट. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मला शाळेत लागून दोन. तालुक्याच्या गावी एक गुरुजी शनिवार-रविवार गाणं शिकवायचे. मी प्रारंभिकेपासून, म्हणजे गाण्याच्या पहिल्या परीक्षेपासून, सुरुवात केली. पेटीच्या काळी चार पट्टीत सा लावायचा, पलटे घोटायचे. पाचव्या की सहाव्या रविवारी गुरुजींनी मला थांबवलं आणि सगळ्या मुलींसमोर म्हणाले, "बाई, हा जात्यावरचा गळा आहे. आधी तो विसरा, मग गाणं येईल." मुली हसल्या. मी वही मिटली. एसटीत खिडकीकडे तोंड करून घरी आले ती परत गेले नाही.

घरी काय सांगितलं? काहीच नाही. तुझ्या बाबांनी विचारलं तर मी म्हणाले, घरचं काम उरकत नाही. त्यांनी त्याचा अर्थ सासूबाई असा घेतला, आणि मी घेऊ दिला. मला माझ्या गळ्याची लाज वाटली होती. ते कबूल करण्यापेक्षा सासुरवासाची गोष्ट सोपी होती, सगळ्यांना पटणारी होती. त्या माउलीला हे कधी कळलंही नसेल. 2004 साली ती गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस.

आता त्या गळ्याविषयी सांगते, कारण तुझ्या कादंबरीत तो कुठेच नाही आणि तो हवा.

जात्यावरचा गळा म्हणजे काय ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. लहानपणी माझ्या आईसमोर जात्याला बसायची, तेव्हा अंगात भिनलं होतं तेवढंच. दोघी समोरासमोर, एक पाय पसरलेला, खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक. अर्धा फेर तू ओढायचा, अर्धा तिनं. मुठीनं घास टाकला की जातं जड होतं, गाणंही सावकाश होतं. दाणा संपत आला की जातं हलकं पळायला लागतं, मग ओवीही पळते. ठेका धरायला तबला लागत नाही, दगडच तो धरतो. दंडाला ओढ बसते तिथं सूर थरथरतो, नेमकं तेच गुरुजींना खटकलं असावं. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उचलायची. पीठ पाळीवरून सांडत राहतं आणि दळणाऱ्या बाईला कुणी ऐकत नसतं. नवरा झोपलेला, सासरा झोपलेला, झुंजुमुंजूही झालेलं नसतं. म्हणून तिला वाटेल ते बोलता येतं. भाऊ आला नाही, सासू बोलली, विठ्ठलानं वाट पाहायला लावली, सगळं.

आपल्याकडची ही केवढी मोठी गोष्ट आहे बघ. गंगाखेडची जनाबाई, आपल्या गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठची. तिला देव दळू लागला असं आपण सातशे वर्षं सांगत आलो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी पुण्याहून निघून गावोगावच्या बायांकडून ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. 1996 साली ते आपल्या शेजारी माजलगावलाही आले होते. तिथल्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्या, त्या टेपवर आहेत. विठ्ठलाला, रामाला, भावाला घालायच्या त्याच चालीत बाबासाहेब बसवले त्यांनी. तू त्या ऐक. पुष्कळ आता आवाजासकट ऐकायला मिळतात.

मलाही एकदा सुचलं होतं. तुझ्या बाबांनी टेपरेकॉर्डर आणला त्या वर्षी आजीला ओसरीवर बसवलं, टेप समोर ठेवला आणि म्हटलं, म्हणा. तिला एक ओळ आठवेना. "कसं म्हणू, हाताला काही नाही," म्हणाली. मग परसातलं जातं पुसून आत आणलं. दळायला काही नव्हतं, डबा गिरणीतून नुकताच आला होता. शेवटी पायलीभर हरभरे घेतले. खुंट्याला हात लागला आणि अर्धा तास बाई थांबली नाही. तिच्या समोर मीच बसले होते, तोच विसरायला सांगितलेला गळा घेऊन. त्या दिवशी क्लासची आठवण मला आली नाही, इतकंच सांगते.

मधेच तिनं ही म्हटली:

शाळंला निघाली, सून माझी मास्तरीन
वाटंच्या बाभळी, नको बसू पदर धरून

मी ओळ उचलायची विसरले. तिनं डोळ्यानंच खुणावलं, ओढ.

ती कॅसेट आज नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींच्या नाचाला बालगीत लागत होतं, घरात कोरी कॅसेट नव्हती. मीच त्यावर भरलं. दुसरी बाजू आहे असं समजले आणि तीच बाजू निघाली. ही एक ओवी डोक्यात राहिली, बाकीच्या चाळीसेक गेल्या. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून म्हणते, तुझ्या घरातलं गाणं आजीमुळे मुकं झालं असं लिहू नकोस. गावात विजेवरची गिरणी आली, जातं परसात गेलं, आणि बायांचे हात सुटले म्हणून ओव्या सुटल्या. गिरणीवर मी रागावत नाही. पहाटे तीनला उठून ज्वारी दळायचे कष्ट काय असतात ते मी पाहिलंय, आजीच्या तळहाताचे घट्टे पाहिलेत. ते घट्टे कादंबरीत घाल. गोड गोड आजी करू नकोस. ती रागीट होती, हिशेबाची पक्की होती, चहात साखर जास्त पडली तर बोलायची. ते सगळं राहू दे. फक्त गाण्याची वैरीण करू नकोस, तिच्याकडे घरात सगळ्यांपेक्षा जास्त गाणं होतं.

आणि ते स्पर्धेचं प्रकरण काढून टाकलंस तर मला आवडेल. परीक्षक टाळ्या वाजवतात, मग आजीला नातीचं गाणं पटतं, हे मला पटलं नाही. तुझ्या पोरीला राग भूप येतो, तर तिला एकदा आजीसमोर जात्याला बसव ना. तिचा सूर हलेल, दम लागेल, ताल चुकेल. आजी तिला शिकवेल. माझ्या मते तुझी कादंबरी तिथं आहे. लिहिणारी तू आहेस, तुला पटलं तरच कर.

तुझ्या बाबांना मी परवा रात्री क्लासचं खरं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून भिंतीवरचा आजीचा फोटो फडक्यानं पुसला. मावश्यांना राखीला आल्या की सांगेन.

जातं अजून परसात हौदापाशी पडलंय. तळी शाबूत आहे, खुंटा किडलाय. सुताराला बाभळीचा नवा सांगितलाय. जात्याचा दगड टाकीनं ठोकून खरबरीत करणाऱ्या बाया आता गल्लीत येत नाहीत, पाथरीकडे एक म्हातारी आहे म्हणतात, तिच्याकडे कुणाला तरी पाठवते. दिवाळीला येताना तुझं ते रेकॉर्डिंगचं यंत्र आण. ज्वारी मी निवडून ठेवते.

तुझी,
आई