यंदा काजूचं बोंड झाडाखाली कुजू द्यायचं नाही : संक्रांतीपूर्वी मदतीचं कळकळीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

सिंधुदुर्गातल्या तिलारी खोऱ्यातले आणि घाटावरच्या चंदगड-खानापूरकडचे, बोंडापासून सरबत-सिरप करणाऱ्या आपल्या गटाचे सर्व सभासद, मुंबई-पुण्याचे चाकरमानी, माहेरवाशिणी आणि गोव्यातल्या डिचोली-सत्तरीतले आपले सोयरे, सगळ्यांसाठी हे पत्र आहे. खरं तर ते दिवाळीतच जायला हवं होतं. पण भात आडवं पडलं, कापणी लांबली, मळणीही लांबली आणि कार्यकारिणीची बैठक दोनदा पुढे ढकलावी लागली. आता काजू मोहोरायला लागलाय. फेब्रुवारीत पहिलं बोंड खाली पडेल. हातात दिवस फार थोडे उरले आहेत.

आपल्याकडे काजूचा भाव म्हणजे बीचा भाव. बी पिळून घेतली की बोंड, म्हणजे बीला लागलेलं रसाळ फळ, तिथेच टाकून द्यायचं, ही आपली जुनी सवय. बीच्या पाचपट, कधी आठपट वजनाचं फळ आपण झाडाखाली टाकतो. दुपारपर्यंत त्यावर माश्या घोंगावतात, दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो आणि तिसऱ्या दिवशी चिखल होतो. संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त 'क' जीवनसत्त्व असलेल्या फळाची ही गत. तिकडे सीमेपलीकडे गोव्यात, तासाभराच्या वाटेवर, बोंड वाया जात नाही. कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, तुडवून रस काढतात, नीरो म्हणजे निथळलेला ताजा रस पितात, हुर्राक म्हणजे पहिल्या धारेची दारू गाळतात. पुन्हा गाळलेल्या फेणीला तर २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. झाड एकच, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेलं. माती एक, पाऊस एक. मग हद्दीच्या अलीकडे त्याच फळाचा उकिरडा का व्हावा, ह्या एका प्रश्नावर आपलं काम सुरू झालं. आपण दारू गाळत नाही, गाळणार नाही. आपण सरबत, सिरप, गर आणि लोणचं करतो. हे पुन्हा लिहावं लागतं, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

आणि ज्यांच्यामुळे इथवर आलो त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढचं मागणं तोंडातून निघत नाही.

सुतारवाडीतल्या थोरल्या काकांनी शेडसाठी रस्त्यालगतची चार गुंठे जागा दिली. कागद करताना म्हणाले, "माझ्या बापाशीन हय बोंडां कुजताना बघल्यान, मीय बघलंय. आता नातवान बघूक नको." आज काका नाहीत. शेडच्या दारात त्यांनी लावलेली सोनचाफ्याची फांदी आता पत्र्याला टेकली आहे. निवृत्त झालेल्या आपल्या बाईंनी फंडाच्या पैशातून पहिली हातप्रेस घेऊन दिली आणि "माझं नाव कुठे लिहिलंस तर परत घेऊन जाईन" असं बजावलं, म्हणून अजून लिहीत नाही. बेळगावच्या आपल्या औषधवाल्यांनी सलग तीन हंगाम बाटल्या पुरवल्या, त्याही उकळून निर्जंतुक केलेल्या. पेडण्याच्या जावयांनी स्वतःची पिकअप दिली, डिझेलसुद्धा मागितलं नाही. डोंबिवलीच्या महिला मंडळाने गणपतीत स्टॉल लावून सरबत विकलं आणि एक-एक रुपयाचा हिशेब वहीत लिहून पाठवला. ती वही कपाटात जपून ठेवली आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी ती येऊन बघावी, हिशेब कसा ठेवावा ते कळेल.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचेही आपल्यावर ऋण आहे. १९५७ पासून हे केंद्र आपल्या उशापायथ्याशी आहे. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं तिथूनच आली आणि निम्म्या खोऱ्यात उभी राहिली. आपल्या बायका तिथे जाऊन शिकून आल्या. पुढे दोघी जणी केरळात त्रिशूरजवळच्या मडक्कतरा केंद्रावर आणि परतताना पुत्तूरच्या काजू संशोधन संचालनालयात जाऊन आल्या. भाषा येत नव्हती, पण रसाचं पातेलं बघून सगळं समजलं. बोंडाच्या रसाने घशाला जी कोचरी बसते ती टॅनिनमुळे. साबुदाण्याची पातळ पेज रसात मिसळून रात्रभर ठेवली की टॅनिन गाळासकट तळाशी बसतं आणि वरचा रस नितळ, सोनेरी निघतो. वरी-साबुदाण्याचा उपास आपण पिढ्यानपिढ्या करतो, पण हा उपयोग आपल्याला केरळातून कळला. सहकार म्हणजे काय तर हे. एकाला माहीत असतं, दुसऱ्याकडे फळ असतं.

सीझनमधली आपली शेड ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पहाटे साडेपाचला क्रेट उतरतात. बोंड दबलेलं चालत नाही, म्हणून बी पिळायची नाही, बारीक दोऱ्याचा फास टाकून अलगद सोडवायची. बीच्या टरफलातलं तेल बोटांना लागतं आणि कातडी सोलून निघते. मार्चअखेर आमच्या गटातल्या बायकांच्या बोटांचे ठसे बँकेच्या मशीनवर उमटत नाहीत, हे ह्या पत्रात मुद्दाम लिहितोय. खोबरेल तेल लावून त्या पुन्हा कामाला बसतात. मिठाच्या पाण्यात धुणं, दाबणं, गाळणं, पेज घालणं, आणि हे सगळं त्याच दिवशी. कारण बोंड उद्यापर्यंत थांबत नाही.

आणि इथेच आपण अडलो आहोत.

हातप्रेस दिवसाला ठरावीक बोंडच घेते. बाकीची बोंडं परत पाठवावी लागतात. गेल्या एप्रिलमध्ये एका वाडीतून आलेल्या भगिनीला मी स्वतः सांगितलं, "आज जागा नाही गो." ती डोक्यावरची पाटी तशीच घेऊन चार किलोमीटर चालत गेली. त्यानंतर ती आली नाही. ते डोळ्यांसमोरून जात नाही. शीतखोली असती तर तिची पाटी रात्रभर ठेवता आली असती.

दुसरं असं, की खाली फेब्रुवारीत सुरू झालेला हंगाम एप्रिलच्या शेवटी ओसरतो, तेव्हा घाटावर चंदगडकडे बोंड पडतच असतं. म्हणजे एकच यंत्र आधी खोऱ्याचं आणि मग घाटावरचं काम करू शकतं. त्यानंतर कोकमाचे रातांबे, फणस, करवंदं, जांभूळ. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक ह्या तीन राज्यांच्या हद्दी इथे एकमेकींना टेकतात. तिलारीचं पाणी चंदगडात उगवतं, आपल्याकडून वाहतं आणि गोव्यात शापोरा म्हणून समुद्राला मिळतं. तिलारीचं धरण महाराष्ट्र आणि गोवा ह्या दोन राज्यांनी मिळून बांधलं. मग प्रत्येक गावाने वेगळी अर्धवट शेड घालण्याऐवजी सगळ्यांची मिळून एक नीट शेड का नको? घाटावरच्या तीन गावांनी आणि सत्तरीच्या दोन वाड्यांनी ठराव करून होकार दिला आहे. त्यांच्यासमोर आपण मागे पडलो तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

रातांब्याचंही सांगतो. २०२५ च्या मेमध्ये पाऊस दहा-बारा दिवस आधीच कोकणात उतरला. आमसुलं वाळवायला ऊन नाही, झाडावरचा रातांबा पावसात गळाला. आपल्या दात्यांनी दिलेल्या सौर वाळवणीने जेवढा वाचला तेवढाच वाचला. बिया मात्र राखल्या आणि त्यांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, काढलं. पूर्वी ह्याच बिया आपण परड्यात फेकत होतो.

बोंड दाबल्यावर राहणारा चोथा सध्या खड्ड्यात जातो. तो शेणासोबत गोबरगॅसला जाऊ शकतो. त्या गॅसवर सिरप उकळेल, उरलेली स्लरी कलमांना जाईल. ह्यात नवीन काही नाही. कणकवलीला १९४८ साली गोपुरी उभारून अप्पासाहेब पटवर्धनांनी सोपा संडास आणि सोनखताचा आग्रह धरला, तेव्हाही टाकाऊ म्हणून काही नसतं हेच ते सांगत होते. आता ह्याच गोष्टीला जैवअर्थव्यवस्था म्हणतात. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये बायोई-३ हे जैवतंत्रज्ञानाचं धोरण मंजूर केलं. देशाची जैवअर्थव्यवस्था २०१४ मध्ये १० अब्ज डॉलरची होती, २०२४ मध्ये १६५ अब्जांच्या पुढे गेली आणि २०३० साठी ३०० अब्जांचं लक्ष्य आहे. ह्यात बहुतेक वाटा लसी, औषधं, इथेनॉल अशा मोठ्या उद्योगांचा. पण आपलं बोंडही त्याच हिशेबात बसतं, आणि ते तिथे बसवायला आपल्याशिवाय कुणी येणार नाही. अनुदानासाठी एका कार्यालयात मी स्वतः सात वेळा जाऊन आलो. प्रत्येक वेळी एक नवा कागद कमी निघाला. आठव्यांदाही जाणार आहे, पण बोंड त्यासाठी थांबणार नाही.

आता थोडं मनातलं. गेल्या वर्षीही असंच पत्र काढलं होतं. आपल्या व्हॉट्सअॅप गटावर साडेतीनशे माणसं आहेत. हात जोडलेल्या चिन्हांनी पडदा भरून गेला. पैसे अकरा जणांनी पाठवले. त्या अकरांत तिघी आपल्याच शेडवर रोजंदारीने काम करणाऱ्या. गणपतीला आलात तेव्हा सरबत प्यायलात, बाटल्या बांधून नेल्यात, "गावात काहीतरी चाललंय, बरं वाटतं" असं म्हणालात. ते ऐकून आम्हालाही बरं वाटलं. पण मे महिन्यात त्या तिघींच्या समोर पावतीपुस्तक उघडताना मान खाली गेली. रागाने लिहीत नाही. आपलीच माणसं आहात म्हणून लिहितोय, परक्याकडे हे बोललो नसतो.

काय हवं ते आता थोडक्यात, जागा संपत आली. वीजेवरची रसप्रेस व गरयंत्र २,६०,००० रु., छोटी शीतखोली ४,३०,००० रु., गोबरगॅस संयंत्र १,५०,००० रु., थ्री-फेज जोडणी व वायरिंग १,००,००० रु., एकूण ९,४०,००० रु. हातात ३,८५,००० रु. (सभासद वर्गणी, घाटावरच्या गावांचा वाटा व मागची शिल्लक धरून). कमी ५,५५,००० रु. यंत्रवाल्याला संक्रांतीपर्यंत आगाऊ दिलं तरच फेब्रुवारीत यंत्र बसेल. ५०० रुपयांपासून कितीही, पावती मिळेल. खातं व क्यूआर कोड शेडच्या फलकावर आणि पावतीपुस्तकाच्या मागे आहे, दुसऱ्या कुठल्याही क्रमांकावर पाठवू नये. रोख फक्त खजिनदारांकडे, रविवारी सकाळी १० ते १. पैसे जमत नसतील तर वायरमन, फिटर, गवंडी ह्यांचे चार दिवसही चालतील. गोबरगॅसच्या घुमटाच्या खोदाईला २६ जानेवारीपासून श्रमदान आहे, पिकाव-घमेलं घरून आणावं, जेवण शेडवर. प्लास्टिकचे क्रेट (जुनेही) आणि २०० मिलीच्या काचेच्या बाटल्या धुऊन आणाव्यात. गोव्याकडच्या मंडळींनी गाडीची वेळ आधी कळवावी, दोडामार्ग नाक्यावर आपला माणूस उभा असेल. मागील तीन वर्षांचे हिशेब शेडवर लावले आहेत.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : ज्या भगिनीला पाटी परत न्यावी लागली, तिच्या वाडीत परवा जाऊन आलो. शीतखोली झाली तर पहिलं क्रेट तिचं, असा शब्द देऊन आलोय.