हरणांपेक्षा माझेच फोटो जास्त

बटलर काउंटी, पेनसिल्व्हेनिया
16 डिसेंबर 2024

प्रिय दिगू,

तुझा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, ‘लिहितो सविस्तर’ म्हणालो आणि सुटलो. तुझा प्रश्न साधा होता: झाडाला बांधायचे ते स्वस्तातले कॅमेरे आपल्या वावरात चालतील का, आणि हरभऱ्यात रोही (नीलगायी) नेमके कुठून शिरतात ते त्यात कळेल का? चालतील. पण ‘चालतील’ एवढंच लिहिलं तर तू उद्याच मागवशील आणि मी केलेले सगळे गाढवपणे पुन्हा करशील. शनिवारी इकडचा हरणांच्या बंदुकीचा हंगाम संपला, आता निवांत आहे.

आधी आईला जे सांगितलं तेच तुला सांगतो. मी बंदूक हातात घेतलेली नाही. गळ्यात माळ नसली तरी घर माळकऱ्यांचं, ते विसरलेलो नाही. शेजारच्या आजोबांचं चाळीस एकर रान आहे आणि सत्तरी ओलांडूनही त्यांची दरवर्षीची शिकार चुकत नाही. औंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. हरणं कुठून येतात, कुठे चरतात, कधी परततात हे बघायला उन्हाळ्यापासून रान पालथं घालावं लागतं, ते त्यांना जमेना. म्हणाले, कॅमेरे मी घेतो, पाय तुझे. चाळीस-चाळीस डॉलरचे दोन आणले. अशा रीतीने माळकऱ्याचा पोरगा शिकाऱ्याचा पाळतीदार झाला.

कॅमेरा दिसतो जेवणाच्या डब्याएवढा. समोरून ऊब असलेलं काही हललं की आतला सेन्सर जागा होतो आणि फोटो निघतो. दिवसा रंगीत. रात्री डोळ्यांना न दिसणारा उजेड पाडतो, म्हणून काळा-पांढरा. खोक्यावर लिहिलंय 48 मेगापिक्सेल. त्यावर जाऊ नकोस, फोटो टिपणारा सेन्सर बारका असतो आणि बाकीचं सॉफ्टवेअरने घातलेलं पाणी. दूध तेवढंच, माप मोठं. पण तुला रोह्याचा फोटो भिंतीवर लावायचा नाही. कोण, किती वाजता, कुठून कुठे, एवढं कळलं की झालं, आणि ते चाळीस डॉलरच्या डब्यातही कळतं.

लावायचा कसा, हे मात्र मी चुकत चुकत शिकलो. पहिला बांधला वाटेला अगदी आडवा. हरीण समोरून जायचं आणि कॅमेरा जागा होईपर्यंत फोटोत नुसती शेपटी उरायची. इथल्या हरणाची शेपटी खालून पांढरीशुभ्र, बिचकलं की झेंड्यासारखी उभी करतं. माझ्याकडे असे डझनभर झेंडे जमले. मग आजोबांनी सांगितलं, वाटेकडे तिरपा बांध, म्हणजे जनावर चालत चालत चौकटीत येईल. दुसरा होता पूर्वेकडे तोंड करून. रोज सकाळी सूर्याचा फोटो. तोंड उत्तरेला ठेव. पुढचं गवत आणि लोंबत्या फांद्या कापून टाक, नाहीतर वाऱ्याने हललेल्या गवताचे तीनतीनशे फोटो बघत बसशील.

आता खरी गोष्ट. कॅमेऱ्याचं घड्याळ लावताना माझ्याकडून एएम-पीएमची अदलाबदल झाली. पांढऱ्या ओकच्या झाडाचे एकॉर्न, म्हणजे त्याची फळं, गळायला लागले होते (लाल ओकचे तुरट असतात, म्हणून हरणं आधी पांढऱ्याखाली येतात), तिथल्या कॅमेऱ्यात एक दांडगा नर आला. फोटोवर वेळ: दुपारी 1:20. तीन दिवस लागोपाठ दुपारचाच. मी धावत जाऊन आजोबांना सांगितलं. ऑक्टोबरात धनुष्यबाणाचा हंगाम चालू होता, त्यांच्याकडे क्रॉसबो आहे. दुखऱ्या गुडघ्याने म्हातारा तीन दिवस अकरा ते चार तिथे बसला. दिसल्या त्या खारी.

दुपारचा फोटो काळा-पांढरा कसा, हे सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. दाट सावली असेल, म्हटलं. शेवटी उलगडा झाला तो माझ्याच फोटोमुळे. लख्ख उन्हात पिवळ्या जॅकेटमध्ये मी कॅमेऱ्यात वाकून बघतोय, आणि खाली लिहिलंय रात्री 9:05.

म्हणजे नर यायचा मध्यरात्रीनंतर. आजोबा रागावले नाहीत, हसलेही नाहीत, जास्त लागलं ते त्याचंच.

मग बायकोने सगळे फोटो लॅपटॉपवर लावून मोजले. गवत आणि पाला जाऊ दे. रॅकून भरपूर, खारी भरपूर, मोठा नर 9 वेळा, आणि मी 58 वेळा! कार्ड बदलायच्या निमित्ताने मी दर दोन-तीन दिवसांनी तिथे जात होतो. आजोबा म्हणाले, ‘‘पाळत तू त्याच्यावर ठेवतोयस, की तो तुझ्यावर?’’ माणसाचा वास रानात मागे राहतो, आणि नर एकदा सावध झाला की उजेडात बाहेर पडत नाही. नऊच्या नऊ फोटो अंधारातले होते. त्यानंतर तीन-तीन आठवडे फिरकायचं नाही, आणि जायचं तर भरपावसात, रबरी बूट घालून, असं ठरलं.

नोव्हेंबरात इथल्या हरणांचा माजाचा काळ. लोक म्हणतात थंडी पडली की नर येडे होतात. खरं तर दिवस लहान होत जातो, त्याचा तो परिणाम. तेव्हा नर जमीन खुरांनी उकरून तिथे मुततात आणि वरच्या फांदीला तोंड घासून निरोप ठेवतात. अशा एका उकिराजवळ कॅमेरा हलवला. 12 नोव्हेंबरला सकाळी 7:50 ला तोच नर, भर उजेडात, रंगीत. यावेळी घड्याळ दोनदा तपासलं.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो. अंगावर 250 चौरस इंच भडक नारिंगी कापड घालायचं, असा नियमच आहे. मी मदतीला गेलो तेव्हा मलाही घालावं लागलं. फोटो पाहून आई म्हणाली, ‘दिंडीला निघालास का रे?’ नर काही आला नाही. दुसऱ्या शनिवारी आजोबांना एक मादी मिळाली. थोडं मांस त्यांनी ठेवलं, बाकीचं गरजूंच्या अन्नछत्राला दिलं. मला द्यायला लागले, मी हात जोडले.

एक मजा सांगायची राहिली. हा खेळ आपल्याला वाटतो तितका नवा नाही. याच पेनसिल्व्हेनियाचा एक माजी खासदार, जॉर्ज शिरास तिसरा, तारेचा सापळा लावून हरणांकडूनच त्यांचे फोटो काढून घ्यायचा. अंधारात तारेला पाय लागला की उजेडाचा भडका आणि फोटो. त्याचे 74 फोटो 1906 च्या जुलैत नॅशनल जिओग्राफिकमध्ये आले. आधी तो शिकारीच होता, बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा धरला.

तुझ्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या. इथे थंडीत साधे सेल दम तोडतात, लिथियमचे लागतात. तुझ्याकडे उलट भानगड. सेन्सर जनावराची ऊब आणि मागची ऊब यातला फरक ओळखतो. मे महिन्यात दुपारी वावरच तापलेलं असताना त्याला रोही काय आणि ढेकूळ काय. पण तुझे चोर रात्रीचे, आणि आता हिवाळा, म्हणजे अडचण नाही. दुसरं म्हणजे मुंग्या. डब्यात घर करतात, बघत जा. फोनवर फोटो पाठवणारा घेऊ नकोस, सिमचा खर्च दर महिन्याला. आणि धुऱ्याच्या अलीकडे, स्वतःच्या वावरातच लाव. जंगलाच्या हद्दीत वनखात्याला विचारल्याशिवाय नको.

फोटोत रोही दिसला म्हणून गावातल्या कुणाच्या डोक्यात भलतं येऊ देऊ नकोस. आपल्याकडे 1972 पासून वन्यजीव संरक्षणाचा कायदा आहे. तुला फक्त कळायचंय की तारेचं कुंपण कुठे घालायचं, म्हणजे सगळ्या वावराला घालायला नको.

एक कॅमेरा मी फेब्रुवारीत येताना आणतो. तोवर कोरड्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात खुरांच्या खुणा बघून ठेव. पहिल्या कार्डात तुझाच फोटो येईल, तो मला पाठव, वेळेसकट.

काकूंना नमस्कार.

तुझा,
पंढरी