क्लेमॅटिस पोरीच्या कुंपणावर, आपल्या फाटकावर दुसरं काही

वरूड तालुका,
१६ जून

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

पाकीट मिळालं, फोटोही मिळाले. इंग्लंडात लीड्सला तुझ्या पोरीच्या शेजाऱ्याच्या कुंपणावर ती जांभळी वेल, आणि गेल्या वर्षी ऐन जूनअखेरीस स्वेटर घालून तिच्या बाजूला उभा असलेला तू. आमच्या हिला दाखवला तर ती म्हणाली, भाऊजींना तिथं थंडी वाजत होती आणि आपण इथं कूलरपुढं भाजत होतो.

तू दोन गोष्टी विचारल्यास. आर्वीकडच्या घराच्या फाटकावर ही क्लेमॅटिस लावायची तर कोणती जात घ्यावी, आणि पोरीच्या मागच्या अंगणात कोणती. आधी उत्तर देतो, कारणं मागून. पोरीच्या अंगणात खुशाल लाव. आपल्या फाटकावर लावू नको.

फोटोतली वेल बहुतेक जॅकमनी आहे. गडद जांभळी, चार पाकळ्यांची, पंजाएवढी फुलं, आणि इतकी दाट की पान दिसत नाही. इंग्लंडात वोकिंगला जॅकमन यांची नर्सरी होती, तिथं १८५८ साली केलेल्या संकरातून ही निघाली. एका बाजूनं चीनहून आलेली मोठ्या फुलाची जात, दुसऱ्या बाजूनं युरोपातली लहान फुलाची पण काटक व्हिटिसेला. ती चिनी जात इंग्लंडात नेली रॉबर्ट फॉर्च्युननं, १८५० मध्ये. हाच तो बाप्पा, ज्यानं त्याच सुमारास चीनमधून चहाची रोपं काढून कंपनी सरकारसाठी हिमालयात पोचवली. चहाबद्दल त्याचं नाव घेतात, वेलीबद्दल कोणी घेत नाही.

फौजेत कसौलीला होतो तेव्हा मी ही वेल जवळून पाहिली. एका बंगल्याच्या व्हरांड्यावर होती, आणि तिथला म्हातारा माळी मला बोलावून बोलावून दाखवायचा. कळी उमलायच्या आधी बोटानं चाचपून बघावी, बाहेरून बारीक रेशमी लव असते. आणि ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीतच, ती निदलं आहेत, म्हणजे कळीवरचं आवरण, रंग चढलेलं. पाकळी या फुलाला नसतेच. म्हणून उमलताना वरचं हिरवं आवरण गळून पडत नाही. जे आवरण होतं तेच हिरवटपणा सोडून जांभळं होत जातं. फूल झडल्यावर मागं चंदेरी पिसांचा गोंडा राहतो, तो बियांचा.

दुसरी मजेची गोष्ट तिच्या पकडीची. काकडीसारखा तणावा हिला नाही. पानाचा देठच आधाराला वळसा घालतो. देठ तो केवढा, त्याचा वळसा तेवढाच लहान, म्हणून जाड बल्ली दिली तर ती नुसती टेकून राहते, धरत नाही. बोटाच्या जाडीचा आधार पाहिजे. त्या माळ्यानं बांबूच्या चिरफळ्या बांधल्या होत्या. मला तेव्हा आपल्या वावरातल्या तुराट्या आठवत. तुराटीइतका नेमका आधार या वेलीला दुसरा मिळायचा नाही, आणि आपण त्या चुलीत घालतो. लीड्सला तुराट्या कुठल्या! पोरीला सांग, लाकडी कुंपणावर बारीक तार नाहीतर जाळी ठोकून घे.

आता जात. मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसमध्ये दोन घराणी आहेत, आणि निवडताना रंगाआधी ते बघायचं. एक घराणं मागच्या वर्षीच्या काडीवर फुलतं, मे-जूनमध्ये, आणि उन्हाळा संपता संपता पुन्हा थोडं. त्यात नेली मोझर येते, १८९७ ची, फ्रान्सची. फिक्या गुलाबी फुलावर प्रत्येक पाकळीत मधोमध गडद पट्टा. (पाकळी म्हणू नको म्हटलं आणि मीच म्हणतोय, असू दे.) द प्रेसिडेंट पण त्यातलीच, १८७६ ची, निळसर जांभळी. ह्यांची काडी सरसकट छाटली की त्या वर्षीचा पहिला बहर गेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये फक्त मेलेलं आणि लेचंपेचं काढायचं, खाली फुगलेल्या डोळ्यांच्या जोडीपर्यंत.

दुसरं घराणं जॅकमनीचं. हे नव्या फुटीवर फुलतं, जूनअखेरीपासून पुढं. तांबडी व्हिल द लियाँ, गुलाबी कॉम्तेस द बुशो याच माळेतल्या. ह्यांना थंडी संपता संपता जमिनीपासून फूटभर ठेवून बिनधास्त कापायचं. नाही कापलं तर खालून उघडीबोडकी काडी आणि फुलं सगळी शेंड्यावर, शेजाऱ्याच्या बाजूला.

पोरगी नोकरीवाली, कात्री वर्षातून एकदा हातात धरणार. तिला जॅकमनीच घ्यायला सांग. नेली मोझर सुंदर आहे यात वाद नाही, पण तिचा रंग कडक उन्हात उडतो, तिला सावलीची भिंत शोधा, काडी ओळखून छाटा, एवढं कोण करतं? कुंपण उत्तरेला तोंड करून असेल तर मात्र नेलीच, कारण जॅकमनीला ऊन पाहिजे.

लावताना खोल लावायची. कुंडीत माती होती त्याच्याही दोन-अडीच इंच खाली बुंधा जाऊ द्यायचा. आपण संत्र्याच्या कलमाचा जोड मातीच्या वर ठेवतो, कारण जोड गाडला की डिंक्या येतो. इथं नेमकं उलटं. कारण असं, की मोठ्या फुलांच्या जातींना मर रोग येतो, बुरशीचा. काल टवटवीत वेल आज मान टाकते, पानं काळी पडतात. अशा वेळी रोगट काडी मातीलगत कापून जाळून टाकायची आणि थांबायचं. बुंधा खोल असला तर मातीखालच्या डोळ्यातून पुन्हा फूट येते. व्हिटिसेलाच्या लहान फुलांच्या जातींना हा रोग कमी, म्हणून पोरीला धास्ती वाटत असेल तर त्या बघाव्या. बुंध्यावर चपटे दगड नाहीतर ठेंगणी झाडं असावीत, म्हणजे मूळ गार राहतं. डोकं उन्हात, पाय सावलीत.

आता आपल्याकडचं. इथंच सगळं अडतं बघ.

ही वेल थंडीत झोपते. पानं टाकते, काडी वाळल्यासारखी दिसते, आणि त्या झोपेच्या जोरावर पुढचं वर्ष फुलते. आपल्याकडं झोप कुठली? डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा आठ-दहावर येतो, पण दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस. डोळा लागतो न लागतो तोच फेब्रुवारीत उन्हं तापायला लागतात. आणि मे महिन्यात, पंचेचाळीसच्या वर, काळ्या मातीच्या भेगांत हात जातो तेव्हा, ज्या मुळाला गारवा पाहिजे ते मूळ कुठं लपवणार आहेस? त्यातून वाचली तर पावसाळ्यात जमीन चिबडते आणि उरलेलं मूळ सडतं. सावली कर, कुंडीत ठेव, दोनदा पाणी मार, एखादं फूल तुला दिसेलही. पण ती वेल होणार नाही, दवाखान्यातला पेशंट होईल.

झोप आपल्याकडंही आहे, दिनू, पण ती उन्हाळ्यातली. मृग बहाराला संत्र्याचं पाणी तोडून मे महिन्यात ताण देतो तो काऊन? झाड झोपवायलाच ना! मग फाटकावर वेलही अशीच पाहिजे, जी मेमध्ये मातीखाली गडप होते आणि मृगाच्या पावसावर उठते.

अशी आहे की. कळलावी.

जंगलात, धुऱ्यावरच्या झुडपात तू लहानपणापासून बघितली आहेस, म्हणून तिची किंमत नाही. नीट बघ. सहा पाकळ्या, काठाला लाटा, उमलल्यावर सगळ्या मागं वळून वर उभ्या राहतात. खाली पिवळं, वर लाल, आणि दिवस जातील तसा लाल खाली उतरत जातो. वेल चढते पानाच्या टोकानं. टोक लांब होऊन गुंडाळी होते आणि काडीला धरते. तिलाही आधार बारीकच लागतो. म्हणजे तुराट्या आल्याच. जुलै-ऑगस्टात फुलते, थंडीत वाळून जाते, उन्हाळाभर कंद मातीखाली निवांत. पाणी नको, सावली नको.

एकच गोष्ट, आणि ही हसण्यावारी नेऊ नको. कळलावी जहरी आहे. कंद आणि बी सगळ्यात जास्त, माणूस दगावतो. तुझ्या फाटकाजवळ बैल बांधत असशील किंवा नातवंडं उकरत बसत असतील तर अजिबात लावू नको. मग नीलवेल लाव. आभाळी रंगाची, गळ्यात फिकी पिवळी, मोठी फुलं, आणि दिवसभर मोठे काळे भुंगे. तिला मात्र पाणी लागतं, दुपारची सावली मानवते, आणि मांडव भक्कम पाहिजे, तुराट्यांचं काम नाही. हेही नको असेल तर दुहेरी गोकर्ण. काळ्या जमिनीत ती कुरकुर न करता येते, बी टाकलं की झालं. फूल लहान आहे, पण तेवढा निळा रंग क्लेमॅटिसमध्येसुद्धा सापडत नाही.

क्लेमॅटिसच्याच गोताची हौस असेल तर सह्याद्रीत मोरवेल आहे, पांढऱ्या लहान फुलांची, मागं तसाच पिसांचा गोंडा. पण तुला मोठं फूल पाहिजे, म्हणून ती राहू दे.

आणि ते ऑनलाइन बियांचं पाकीट मागवू नको. निळ्या-लाल फुलांचा फोटो छापतात. मोठ्या फुलांच्या जाती जवळजवळ सगळ्या संकरित, बियांतून आईसारखं रोप येत नाही. आणि उगवायलाच कधी वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. पोरीलाही नर्सरीतलं लेबल असलेलं, दोन वर्षांचं रोप घ्यायला सांग.

इकडं मृग कोरडाच चालला आहे. पऱ्हाटीचं बियाणं घरात येऊन पडलं, वखरणी झाली, सगळे आभाळाकडं बघतात. पाण्याआधी कोणी टोबलं नाही, एवढंच शहाणपण यंदा गावात दिसलं.

कळलावीचे कंद मी फेब्रुवारीतच काढून वाळूत ठेवले आहेत, आमच्याच धुऱ्यावरचे. औषधासाठी लोक जंगलातून उपटून नेतात, तिथले तू आणू नको. कंद नांगराच्या आकाराचा असतो आणि डोळा असतो दोन्ही टोकांना. ते टोक मोडलं की तिकडची फूट गेली, म्हणून बसनं कोणाच्या पिशवीत पाठवत नाही. तूच ये. हात धुवायला साबण मी देतो. येताना फाटकाची रुंदी मोजून आण, आणि बैल कुठं बांधतोस ते खरं सांग, त्यावर कंद द्यायचे की नीलवेलीची फांदी ते ठरवू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या