बॅच नंबर नसलेले चॉकलेट

संपादक महोदय,

गंगापूर रोडवर गेली बावीस वर्षे माझे औषधांचे दुकान आहे. दर महिन्याला मनःस्थितीतील तीव्र चढउतारांवरच्या लिथियमच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या एका तरुणाने परवा मोबाइल पुढे करून विचारले, "काका, या गोळ्या चालू असताना हे खाल्ले तर चालेल का?" सोनेरी वेष्टनातले चॉकलेट, खाली ‘नैसर्गिक मशरूम, मन शांत, घरपोच’ असा मजकूर. लिथियम चालू असताना सायलोसायबिन (अशा मशरूममधले भ्रम निर्माण करणारे द्रव्य) किंवा एलएसडी (तसाच परिणाम करणारे कृत्रिम द्रव्य) घेतल्यास फिट येऊ शकते, हे मी त्याला सांगितले आणि तिथूनच त्याच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. विकणाऱ्याने मात्र, तुला कोणती औषधे चालू आहेत, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया आहे का, एवढेही विचारले नव्हते.

शेड्यूल एक्समधील, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतील, औषध द्यायचे तर आम्हाला दोन प्रतींतील प्रिस्क्रिप्शन लागते आणि त्यातली एक प्रत दोन वर्षे जपून ठेवावी लागते. त्या चॉकलेटवर ना बॅच नंबर, ना मुदत, ना उत्पादकाचा पत्ता. आत नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेल, असे मला वाटत नाही. एलएसडीचा डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. नखाएवढ्या कागदात तो किती मुरला आहे हे डोळ्यांनी कळणे शक्य नाही, आणि एलएसडी म्हणून विकलेल्या एन-बोम जातीच्या, तसाच भ्रम निर्माण करणाऱ्या पण अधिक घातक रसायनांनी परदेशांत तरुणांचे जीव गेले आहेत.

कायद्याबाबतचे अज्ञान तर याहून मोठे आहे. चार मित्रांचे पैसे गोळा करून पार्सल मागवणारा मुलगा स्वतःला विक्रेता समजत नाही. पण 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात खरेदी, विक्री, वाहतूक आणि नुसते बाळगणे हे सारेच गुन्हे आहेत, आणि कटात सामील होणाऱ्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. एलएसडीचे ‘व्यापारी प्रमाण’, म्हणजे ज्या वजनापासून सर्वांत कडक शिक्षा लागू होते ते, अवघे 0.1 ग्रॅम आहे. ते भरले की किमान 10 आणि कमाल 20 वर्षे सक्तमजुरी, शिवाय किमान एक लाखाचा दंड; जामीनही सहजी मिळत नाही. भेसळीसकट एकूण वजन धरावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल आहे.

या द्रव्यांवरील संशोधनाला माझा विरोध नाही. ऑस्ट्रेलियात जुलै 2023 पासून मान्यताप्राप्त मानसोपचारतज्ज्ञांना काही ठरावीक आजारांसाठी सायलोसायबिन आणि एमडीएमए (‘एक्स्टसी’ नावाने विकले जाणारे द्रव्य) देता येते. पण तेथेही रुग्णाची तपासणी आधी होते आणि द्रव्य देखरेखीखालीच दिले जाते. विक्रेते याच बातम्या जाहिरातीत वापरतात आणि त्यातली ‘देखरेख’ तेवढी गाळतात.

ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातील एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आल्यावर शहर हादरले होते. तसा कारखाना छाप्यात सापडतो, पण ही पार्सले कुरिअरने थेट वसतिगृहांच्या दारात येतात. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थी आणि पालकांसमोर एक वकील आणि एक मानसोपचारतज्ज्ञ उभे करावेत, अशी माझी विनंती आहे. आपणही अटकेच्या प्रत्येक बातमीखाली 1933 हा अमली पदार्थांविषयीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक छापावा, आणि स्वतःहून उपचारांसाठी पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, केवळ सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, याच कायद्याच्या कलम 64-अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, हेही छापावे.

– एक औषधविक्रेता, नाशिक