ऐरोलीच्या ताई, गेलं एकदाचं ते कॉन्फिगर

नमस्कार ताई,

नाव टाकायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून टाकत नाहीये, पण आभार मानायचे नाहीत असं काही बोलला नव्हतात, तेव्हा हे सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगतो. आमचं एक छोटं ओपन सोर्स टूल आहे, जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये करून देतं. २०११ ला कॉलेजात असताना सुरू केलं, तेव्हा बिल्डचं (कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवायचं) वगैरे कुणाला काय कळत होतं, दुसऱ्या एका प्रोजेक्टचं कॉन्फिगर डॉट एसी (बिल्डआधी मशीन तपासणारी 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट जिच्यातून बनते ती फाइल) उचललं, नाव बदललं, चाललं. मग जो आला त्याने त्यात चार ओळी टाकल्या, काढल्या कुणीच नाहीत. घरातल्या माळ्यासारखं झालेलं, वर काय पडलंय माहीत नाही आणि काही फेकायची हिंमतही नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर कॉन्फिगर चालायला ५० सेकंद आणि त्यानंतर खरा कोड कंपाइल व्हायला ८ सेकंद, बोला आता.

मी तर सरळ ऑटोटूल्सला, म्हणजे ती कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या जुन्या टूल्सना, शिव्या घालायचो. तुम्ही मला गप्प केलंत ते बरं केलंत. त्यातलं ऑटोकॉन्फ आलं १९९१ ला, तेव्हा प्रत्येक कंपनीचं युनिक्स वेगळं, कुठे एखादं फंक्शन आहे कुठे नाही, त्यामुळे बिल्डच्या आधी मशीनला शंभर प्रश्न विचारणं ही त्या काळची गरजच होती. चूक त्यांची नाही, २०२४ साली ठाण्याच्या वर्तक नगरात बसून 'एसटीडीलिब डॉट एच आहे का' (सीची ही फाइल आता सगळीकडे असतेच) हे दर वेळी विचारणारा मी, चूक माझी.

हे बदलायचं मनात आलं ते एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करायच्या टूलच्या प्रकरणामुळे. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच (दुसऱ्या मशीनवर जायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्यातून ५.६.० आणि ५.६.१ या एक्सझेडच्या व्हर्जनमधलं बॅकडोअर, म्हणजे लपवलेला चोरदरवाजा, सापडलं. ते सुरू करून देणारी एम४ फाइल (कॉन्फिगर बनवताना वापरतात ती) गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या नोंदीत, नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडच्या गठ्ठ्यात) होती. ते वाचलं आणि मी आमचं एम४ फोल्डर उघडलं. अकरा फाइली. त्यातल्या नऊ काय करतात ते मला सांगता येईना, आणि मी म्हणे मेंटेनर. (गंमत म्हणजे पोस्टग्रेस या डेटाबेसला मेसन, म्हणजे ऑटोटूल्सच्या जागी वापरता येणारं नवं बिल्ड टूल, आणण्यातही याच फ्रॉइंडचा मोठा हात, २०२३ च्या १६ व्या व्हर्जनपासून ते आलं.)

म्हणून मी जोशात लिहिलं की येत्या रविवारी एका बैठकीत सगळं मेसनवर नेतो आणि जुनं उडवतो. त्यावर तुमचं उत्तर दोन ओळींचं होतं, अजून जपून ठेवलंय. "जुनं उडवू नका. आधी दोन्ही शेजारी शेजारी चालवा आणि त्यातल्या प्रत्येक ओळीचं काम काय ते मला सांगा." मला राग आला होता खरं सांगतो, म्हटलं या कोण. पुढच्या शनिवारी तुम्ही ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला आलात, मामलेदारची मिसळ खाल्ली, तिखट लागून माझे डोळे वाहतायत आणि तुम्ही शांतपणे बिलाच्या मागे लिबटूलचं (ऑटोटूल्समधलं लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा कोड, बनवणारं टूल) गणित लिहिताय, की ५:२:३ म्हणजे पाचातून तीन वजा करून दोन, मग शेवटचा तीन, मग मधला दोन, म्हणून लिनक्सवर लायब्ररीच्या फाइलच्या नावात येणार २.३.२. मी मेसनमध्ये सरळ ५ लिहून मोकळा झालो होतो. तसंच रिलीज केलं असतं तर फाइलचं नाव बदललं असतं आणि आमची लायब्ररी वापरणारी दोन्ही टूल्स उठून म्हणाली असती की लायब्ररीच सापडत नाही.

मग पावसाळाभर रात्री साडेदहाला कॉल. तुमचं ऑफिस, घर, मुलीचा अभ्यास आटपून तुम्ही यायचात आणि एकदाही स्वतः कीबोर्ड घेतला नाहीत. स्क्रीन माझी, टाइप मी करणार, तुम्ही फक्त विचारणार "ही ओळ कशासाठी?" माहीत नसेल तर गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी कधी टाकली ते दाखवतं), तिथून जुने मेल. असं करत करत कॉन्फिगर डॉट एसीच्या ६४० ओळींमधल्या साधारण ९० कामाच्या निघाल्या. एक चेक तर अशा फंक्शनसाठी होता जे आम्ही २०१४ लाच काढलं होतं.

मेसन पहिल्यांदा नीट चाललं तेव्हा मी तुम्हाला रात्री दीड वाजता मेसेज टाकला होता, सॉरी त्याबद्दल. ५० सेकंदांचं काम ४ सेकंदांत. आणि सकाळी बघतो तर टूल स्वतःच तिप्पट स्लो! मी पॅनिक. तुम्ही विचारलंत बिल्डटाइप काय ठेवलाय, मी म्हटलं ते काय असतं. तर ऑटोकॉन्फ जीसीसी कंपायलरला न सांगता ओ टू (प्रोग्रॅम वेगवान करायचं ऑप्टिमायझेशन) लावतं, मेसनला काही सांगितलं नाही तर ते डीबग धरतं, म्हणजे ऑप्टिमायझेशन शून्य. डीबगऑप्टिमाइज्ड अशी एक ओळ टाकली आणि संपलं.

पण खरा घोळ वेलांटीचा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवायची असते, आणि आमच्याकडे जुना क्रम तसाच ठेवायचा एक ऑप्शन आहे, जो कुणीच चालू करत नाही. मी मेसनमध्ये तो सेट टेन हे फंक्शन वापरून लिहिला, ऑप्शन बंद असेल तर ते मॅक्रोची (कोडमधल्या नाव दिलेल्या खुणेची) व्हॅल्यू ० करतं. आणि आमच्या सी कोडमध्ये सगळीकडे इफडेफ ही अट. इफडेफला ० का १ याच्याशी देणंघेणं नसतं, मॅक्रो डिफाइन झालाय ना, बास, म्हणजे बंद ऑप्शनही चालू. एरर नाही, वॉर्निंग नाही, बिल्ड हिरवं, आणि 'महापालिका'ची झाली 'महापािलका'. दोन्ही बिल्डचा आउटपुट रोज डिफ करायचा (शेजारी ठेवून फरक बघायचा) हा तुमचा हट्ट नसता तर हे थेट लोकांच्या मजकुरात गेलं असतं. नौपाड्यातल्या आमच्या प्रेसवाल्या काकांनी तर ते छापूनसुद्धा दिलं असतं, लग्नपत्रिकेत.

काकांवरून आठवलं, त्यांचं विंडोज. आधी त्यांच्यासाठी मी मित्राच्या लॅपटॉपवर एमसिस टू (विंडोजवर युनिक्ससारखी टूल्स देणारं) टाकून बिल्ड करायचो, अर्धा दिवस जायचा आणि मित्राची बायको चहा देऊन देऊन कंटाळायची. आता व्हिज्युअल स्टुडिओच्या कंपायलरवर तीच मेसन डॉट बिल्ड ही मेसनची फाइल चालते. काकांना यातलं काही माहीत नाही, ते फक्त म्हणाले यावेळी लवकर दिलंस रे.

सगळं गोड नाहीये हं, तेही लिहितो नाहीतर तुम्हीच म्हणाल. प्रत्येक सोर्स फाइलचं नाव हाताने लिहायचं, स्टार टाकून सगळ्या उचलता येत नाहीत, याचा मला अजून वैताग येतो. यावर आपलं एकमत होणार नाही, राहू दे.

परवा ती शेवटची कमिट टाकली, कॉन्फिगर डॉट एसी आणि एम४ फोल्डर दोन्ही गेले. टाकताना हात थोडा थांबला, तेरा वर्षं होती ती फाइल. डिस्ट्रोवाल्या (लिनक्सबरोबर आमचं टूल देणाऱ्या) दोघांना आधी मेल केला होता, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

मनापासून थँक्यू ताई. आणि तुमचा मॅन पेजचा (टूलच्या माहितीपानाचा) पॅच तीन आठवडे माझ्याकडेच पडलाय, मलाच रिव्ह्यू करायचाय. या रविवारी नक्की.