आईला ‘भेटीची वेळ’ कशासाठी?

महोदय,

दीड किलोचं बाळ काचेच्या पेटीत आणि ओली बाळंतीण दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात, हे अनेक रुग्णालयांत अजूनही नेहमीचंच आहे. वाटीत दूध काढून द्यायचं, दाराच्या काचेतून बघायचं, ‘वजन किती भरलं?’ विचारून परत फिरायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी तिला रडू फुटलं की घरचे दटावतात, ‘रडू नकोस, दूध आटेल.’ रडण्याने दूध आटत नाही. ताणामुळे पान्हा फुटायला उशीर लागतो, एवढंच. दूध कमी होतं ते बाळ अंगाशी नसल्यामुळे आणि दर दोन-तीन तासांनी दूध न काढल्यामुळे.

कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एडगर रे यांनी 1978 मध्ये कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली, ती कांगारू पद्धत. पण ‘आधी बाळ स्थिर होऊ दे’ हा नियम पुढे चाळीस वर्षं टिकला. भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात (भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय) 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईजवळ, आईच्या खाटेसकट अतिदक्षता कक्षात ठेवलं. पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू पाव हिश्शाने घटले. तो अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 8 ते 24 तास कांगारू काळजी घ्या, असं सांगते. आईतली उदासीनतेची लक्षणंही या पद्धतीने कमी होतात.

आपल्याकडे ते बिघडतं कुठे? अर्ध्या तासात बाळ उचलून परत पेटीत ठेवतात. सारखी उचल-ठेव बाळाला सोसत नाही. एका बैठकीला किमान तासभर हवाच. आई स्टुलावर ताठ बसवलेली असते, तिला मागे रेलायला आरामखुर्ची किंवा डोक्याकडून उचललेली खाट हवी. बाळाच्या अंगावर टोपी, मोजे, लंगोट एवढंच. दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर. मान छातीकडे झुकली तर श्वासाची वाट दबते, म्हणून बाळ छातीशी बांधायच्या सुती पट्ट्याची वरची कड बाळाच्या कानाखाली यावी, आणि पोटावर पट्टा आवळू नये. टाके दुखत असतील, जेवायला किंवा आंघोळीला जायचं असेल, तेव्हा आजीने नाहीतर बापाने बाळ छातीशी घ्यावं. बाप चालतो, हे आवर्जून सांगावं लागतं!

एक मात्र नीट समजून घ्यावं. छातीशी बाळ आहे म्हणून आईचं मन ठीकच असेल, असं नाही. पहिल्या आठवड्यातलं रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही झोप नाही, बाळाकडे बघवत नाही, ‘मी वाईट आई आहे’ असं वाटत राहतं, तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत. बाहेरची बाधा नव्हे, आळस तर नव्हेच. आशाताई 42 व्या दिवसापर्यंत घरी येतात, बाळाचं वजन-तापमान बघतात. त्याच भेटीत, सासूबाईंसमोर नव्हे, आईला एकटीला बाळंतपणानंतरची उदासीनता ओळखायच्या एडिनबरा प्रश्नावलीतले दहा प्रश्न विचारता येतात. गेल्या सात दिवसांबद्दलचे आहेत, दहा मिनिटंही लागत नाहीत. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं, तर एकूण गुण कितीही असोत, तिला एकटी सोडू नये आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं.

– नवजात शिशू कक्षातील परिचारिका