शॉमट ॲव्हेन्यूवरचं देऊळ

बोस्टन

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

2006 साली इथे नवा असताना नाताळची मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकून मी तुला रात्री फोन केला होता, आठवतं? ते होली ट्रिनिटी चर्च. परवा मी तिथे जेवायला गेलो होतो. हो, जेवायला. तिथे आता 33 घरं आहेत, त्यातलं एक माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं.

हा जर्मन स्थलांतरितांचा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीचा भाविकांचा समाज, 1844 पासूनचा. देऊळ, म्हणजे हे चर्च, वास्तुविशारद पॅट्रिक कीलीने आखलं, 1877 मध्ये पुरं झालं. दगड जवळच्या रॉक्सबरीचा. गोटे चिखलात थापून वाळवल्यासारखा दिसतो. 2008 मध्ये ते बंद झालं. भाविकांनी रोमपर्यंत दाद मागितली, पण उपयोग झाला नाही. चर्चच्या कायद्यातलं कलम 1222 सांगतं की बिशप देवळाला लौकिक वापरासाठी मोकळं करू शकतात, फक्त तो वापर हीन नसावा. घर हीन कसं म्हणायचं? लेकरं वाढतील, भाकरी मोडली जाईल. मैत्रिणीवर माझा काडीचाही राग नाही. बाहेरच्या दगडी भिंती ठेवून आतून काचेचे मजले वर काढलेत, नाहीतर सगळंच जमीनदोस्त झालं असतं.

तरी घास उतरेना. तिचा दिवाणखाना बराच वर आहे. त्या रात्री मी खाली बाकावर होतो, आणि आम्ही आता बसलो होतो तिथवर फक्त धूप आणि ऑर्गनचा सूर पोचत होता. हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ वर बघत राहिली.

आपण भीमाशंकरला पाहिलेली घंटा मला आठवली. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतल्यावर तिकडे गेलेली, 1729 साल कोरलेली. आपल्या वसईच्या चर्चची वस्तू गेली याचं तुला तेव्हा वाईट वाटलं होतं. मला आज वाटतं, ती बऱ्या जागी पडली. देव बदलला, पण ती अजून देवाच्याच दारात आहे आणि कोणीही वाटसरू तिच्यापाशी जाऊन उभा राहू शकतो. इथे मैत्रीण खाली घ्यायला आली नसती तर मला आत पाऊल टाकता आलं नसतं. ज्यांचा बाप्तिस्मा इथे झाला, त्यांनाही नाही.

आपल्या वसईतल्या पापडीच्या देवळाचं दार संध्याकाळी अजून उघडं असतं ना? लिही.

तुझाच